वकीलबाई रिक्षात बसल्या

त्या संध्याकाळचा माझ्याकडं उरलेला शेवटचा तुकडा वासाचा आहे. नुकत्याच तोडलेल्या उसाचा वास, गोडसर, ओल्या पाल्याचा. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यातली माझी पाळी सुटली होती आणि स्कूटी काढून मी सोलापूरच्या रस्त्याला लागले होते. दिवेलागणीची वेळ. सूर्य पाठीमागं बुडाला होता आणि पुढच्या आभाळात नुसताच उजेड उरला होता, कुठून येतोय ते न कळणारा. उसाचा हंगाम चालू होता, म्हणजे रस्त्याकडेला चिपाडं पडलेली असणार, भरलेल्या ट्रॉल्या असणार. असणार असं म्हणते, कारण ते काही मला आठवत नाही. वास आठवतो.

त्यानंतर पाणी. पाण्यानं भरलेल्या एका रानातून मी चालले होते. पाणी घोट्याएवढं, कोमट. माझ्या पुढं कुणी बाई चालली होती आणि मागं न बघता माझ्याशी बोलत होती. एकही शब्द कळत नव्हता, पण ते बोलणं चालू आहे तोवर काळजी नाही, एवढं कळत होतं. किती वेळ चालले कोण जाणे. मग पाणी आटलं आणि वर पंखा दिसला.

पंखा दवाखान्याचा होता. उजव्या मांडीचं हाड मोडलं होतं, त्यात सळई घातली होती. हेल्मेटमुळं डोकं वाचलं, पण आतून हादरलं होतं. उसानं भरलेला एक ट्रॅक्टर टायर फुटून रस्त्यावर उभा होता आणि त्याच्या मागच्या ट्रॉलीवर मी जाऊन आदळले होते, हे मला नवऱ्यानं सांगितलं. तो सांगत होता आणि मी ऐकत होते, जशी शेजारच्या गल्लीतली बातमी ऐकावी तशी. आपल्यालाच काही झालंय हे पायातल्या ठणक्यावरून पटायचं, गोष्टीवरून नाही.

पहिले काही दिवस औषधांच्या गुंगीत गेले. त्या गुंगीत माणसं यायची, विरायची. एक दिवस पांढऱ्या शर्टातला एक माणूस खाटेजवळ येऊन उभा राहिला. फार गोड बोलत होता. मला वाटलं डॉक्टर आहे. मग वाटलं, लग्न जमवणारा कुणी असावा, कारण तो सारखा ‘तुमच्या भल्याचंच सांगतोय’ म्हणत होता. त्यानं माझ्या बोटांत पेन दिलं. पेन गार होतं आणि मला ते तसंच धरून झोपावंसं वाटलं.

तेवढ्यात आत्या म्हणाल्या, “कशावर सही घेताय?”

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. सांगोल्याकडच्या. आयुष्य शेळ्यामेंढ्यांमागं गेलेलं, आता गावाकडं थोड्याच शेळ्या ठेवल्यात. माझं कळल्यावर त्या शेळ्या जावेच्या दावणीला बांधून आल्या होत्या आणि खाटेखाली चटई टाकून राहत होत्या.

“वकीलपत्र आहे, आजी,” तो माणूस म्हणाला. “अपघाताची केस. आमचे वकीलसाहेब सगळं बघतात. तुम्हाला काहीच करायचं नाही.”

“ती शुद्धीत हाय का?”

“सही तर करू शकतात की.”

“झोपल्याल्या मानसाचा अंगठा बी उठतो,” आत्या म्हणाल्या. “ती जागी हुईल, तवा या. आन् येताना वकिलाला संगं घिऊन या. त्येचं त्वांड बघू की आमी.”

तो पुन्हा आला नाही. पेन मात्र माझ्याच हातात राहिलं. आत्यांनी ते पुढं डब्यावर नाव घालायला वापरलं.

घरी आल्यावर खरी ओढाताण सुरू झाली. माझं काम उभ्यानं करायचं. विणून, शिवून आलेला प्रत्येक टॉवेल टेबलावर पसरायचा, काठावरून बोटं फिरवायची, सुटलेली शिवण, ओढलेला धागा शोधायचा आणि खोट निघेल तो बाजूला टाकायचा. पाळी सुटेपर्यंत बसायचं नाही. आता वॉकर धरून न्हाणीपर्यंत गेलं तरी घाम फुटायचा. नवरा यंत्रमागाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो. त्याच्या एका गिऱ्हाइकानं, एका जुन्या कारखानदारांनी, त्याला सांगितलं की ट्रॅक्टरचा विमा असेल तर भरपाई मागता येते, पण वकील नीट बघा. त्यांनी एका वकीलबाईंचा पत्ता दिला.

वकीलबाईंची कचेरी कोर्टापासून जवळच एका जुन्या इमारतीत होती, दुसऱ्या मजल्यावर. आम्ही रिक्षानं गेलो. नवऱ्यानं मला जिन्यापाशी उभं केलं. दगडी जिना अरुंद, अंधारा, आणि वरून कुठूनतरी येणारा उजेड पायऱ्यांवर सांडलेल्या दुधासारखा. मी पहिली पायरी चढले. दुसरीवर उभी राहिले आणि सगळा जिनाच हळूहळू माझ्यापासून लांब जायला लागला.

“मी उचलून नेतो,” नवरा म्हणाला.

“नको,” मी म्हणाले. वकिलाकडं पहिल्यांदा जाताना नवऱ्याच्या हातांवर आडवं होऊन जायचं, हे मला नको वाटत होतं. त्यानं मला परत रिक्षात बसवलं आणि तो एकटाच वर गेला.

थोड्या वेळानं तो खाली आला. त्याच्या मागून साठीच्या आसपासची एक बाई उतरत होती. पांढरी सुती साडी, हातावर काळा कोट, दुसऱ्या हातात चष्म्याचं घर. त्या सरळ रिक्षापाशी आल्या आणि वाकून आत बघितलं.

“पायऱ्या तुम्हाला जमायच्या नाहीत,” त्या म्हणाल्या. “जरा सरका. मीच बसते.”

आणि त्या खरंच माझ्या शेजारी येऊन बसल्या. रिक्षावाला गोंधळला, मग हसला. “बैठो मॅडम, मैं पान खाके आतूं,” म्हणाला आणि गेला. नवरा बाहेर, रिक्षाच्या दांडीला धरून उभा. मॅडमनी समोरच्या टपरीवरून चहा मागवला. कोर्टासमोरचा तो रस्ता, काळे कोट, झेरॉक्सची दुकानं, पेरूच्या गाड्या, सगळं आमच्या दोन्ही बाजूंनी वाहत होतं आणि आम्ही दोघी जणू नावेत बसलो होतो.

मला वाटलं होतं त्या अपघाताचं विचारतील. त्यांनी विचारलं, “तुम्ही सकाळी किती वाजता उठायचा?”

“आता?”

“आधी. नेहमीच्या दिवशी. उठल्यापासून सांगा.”

मी सांगायला लागले. पाणी येतं त्या दिवशीची घाई, डब्याच्या भाकरी, शेंगाची चटणी संपली की नवऱ्याचं तोंड कसं होतं, स्कूटीची किक, कारखान्यातला वाफेचा वास, नवीन टॉवेलचा ऊबदार गठ्ठा. सांगता सांगता ते सगळं माझ्या डोळ्यांपुढून एकेक करून जात होतं, एखाद्या दुसऱ्याच बाईचं असल्यासारखं. ती बाई किती चालत होती. किती वेळा वाकत होती, जिना चढत होती, मांडी घालून बसत होती. मला तिचा हेवा वाटला. चहावर साय धरली, तरी मी बोलतच होते. मॅडम मधेमधे एवढंच म्हणायच्या, “मग?”

शेवटी त्या म्हणाल्या, “आता ती संध्याकाळ.”

“उसाचा वास आला,” मी म्हणाले. “पुढचं काही आठवत नाही.”

नवरा बाहेरून म्हणाला, “आठवेल मॅडम. डॉक्टर म्हणालेत, हळूहळू येतं.”

मॅडमनी त्याच्याकडं बघितलं. “येईल किंवा नाही येणार. पण तुम्ही आठवायला लावू नका.”

मग त्यांनी मला केस म्हणजे काय ते समजावून सांगितलं. दावा ट्रॅक्टरच्या मालकावर आणि त्याच्या विमा कंपनीवर. कंपनीचा वकील म्हणणार की ट्रॉली तर उभी होती, बाईनं बघायला पाहिजे होतं. म्हणून ट्रॉलीच्या मागं दिवा होता की नव्हता, यावर सगळं अडणार. पंचनाम्यात त्याबद्दल मोघम लिहिलंय. वेळ लागेल. तारखा पडतील. “मी तुम्हाला अमुक मिळवून देते असं म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “फी काय ती लेखी ठरवू. आणि माझ्यापासून काही लपवायचं नाही, बारीकसारीकसुद्धा. जमेल?”

“जमेल,” मी म्हणाले.

“मग विचार करा. घाई नाही. उद्या सांगा.”

मला उद्यापर्यंत थांबायचं नव्हतं. वकीलपत्रावर मी रिक्षातच सही केली, चष्म्याचं घर खाली धरून. या खेपेला मी पूर्ण जागी होते.

नवरा वाईट माणूस नाही. त्याला भीती वाटत होती, एवढंच. रात्रीचं जेवण झालं की तो माझ्याजवळ येऊन बसायचा आणि हळू आवाजात सुरू करायचा. “बघ, तू चालली होतीस. समोर अंधार. ट्रॉलीला दिवा नव्हता. चमकणारा लाल कागदसुद्धा नव्हता. एकदम समोर ऊस दिसला. दिसला ना?” तो पुन्हा तेच सांगायचा. मोटारीवर तार गुंडाळावी तसा, एकावर एक, सारखा वेढा.

आणि मग एका दुपारी मला दिसलं. मी खाटेवर पडले होते, बाहेर ऊन पांढरं झालं होतं, शेजारच्या मागांचा आवाज भिंतीतून येत होता. डोळे मिटले आणि समोर ट्रॉली उभी राहिली. उसाचे शेंडे लोंबताहेत, खालची लोखंडी फळी काळी, त्यावर दिवा नाही. स्पष्ट. मी आनंदानं उठून बसले. मग माझ्या लक्षात आलं की त्या चित्रात मी कुठंच नाही. स्कूटीचं हँडल नाही, वारा नाही. कुणी फोटो काढून दाखवावा तसं ते होतं, आणि त्यात उसाचा वास नव्हता.

ते माझं होतं की त्यानं माझ्यात ठेवलेलं, मला सांगता येईना. एखाद्या घरात पाहुणी म्हणून गेलेल्या बाईनं हळूच सगळी भांडी हलवून ठेवावीत आणि आपल्यालाच आपलं स्वयंपाकघर ओळखू येऊ नये, तसं झालं.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन केला. जसं झालं तसं सांगितलं.

त्या म्हणाल्या, “बरं केलंत सांगितलंत. कोर्टात तुम्ही एवढंच म्हणायचं की आठवत नाही.”

“मग केस जाईल ना?”

“तुमचा पाय मोडलाय हे कुणी नाकारत नाही. दिव्याचं दुसऱ्या कुणी तरी सांगायला पाहिजे. बघणारं कुणी असेलच. तुम्हाला उचललं कुणी?”

हे आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं. रुग्णवाहिकेनं आणलं, एवढं माहीत होतं. त्याआधी रस्त्यावर माझ्याजवळ कोण होतं?

“मी जाऊन बघती,” आत्या म्हणाल्या.

“तुम्ही कुठं जाणार, आई? कुणाला विचारणार?” नवरा म्हणाला.

“हरवल्याली शेळी कुटं विचारून घावती व्हय? जिथनं गेली तितं जाऊन बसायचं.”

आणि त्या गेल्या. एसटीनं गेल्या, पोलिसांच्या कागदात लिहिलेल्या जागेपाशी उतरल्या, रस्त्याकडेच्या चहाच्या एका टपरीवर बसल्या. दिवस कलायला परत आल्या. पदरात बोरं होती.

“घावली,” त्या म्हणाल्या. “त्या हाटेलवालीनंच तुजं डोस्कं मांडीवर घेतलं हुतं.”

मी मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, “तुम्ही भेटून या. पण साक्षीचं काही पढवायचं नाही. आभार मानायला जा.” पुढच्या रविवारी आम्ही रिक्षा करून गेलो.

मला वाटत होतं ती जागा बघून काहीतरी होईल. काळीज हलेल, पाणी दिसेल. काही झालं नाही. सपाट रान, ज्वारीची ताटं, पत्र्याची टपरी, पुढं दोन बाकडी, आणि रस्ता, कुठल्याही रस्त्यासारखा. वाऱ्यावर एक चिपाड इकडून तिकडं लोळत होतं. मी त्या डांबराकडं बघत राहिले. इथं मी आडवी होते, आणि मी इथं नव्हते.

हॉटेलवाल्या मावशी पन्नाशीच्या असतील. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. “उबी ऱ्हायला लागलात की,” म्हणाल्या आणि खुर्ची पुसून दिली.

“मावशी, तुम्ही माझ्याजवळ होता ना.”

“व्हय. गाडी येईस्तवर. तुमी लई बोलत हुता.”

“मी बोलत होते?” मी विचारलं. इतके दिवस मला वाटत होतं, मी दिवा विझावा तशी विझले होते.

“तोंड मिटंना तुमचं. मी म्हनलं, बोलू द्या, बोलत हाय तवर बरं. डोस्क्याखाली ठेवायला आमचा टावेल आनला. तुमी काय केलं, त्येचा काट हातानं चाचपून बगितला आन् म्हनला, मावशी, ह्याची शिवन सुटलीया, ह्यो बाजूला काडा.”

नवरा हसायला लागला आणि हसता हसता त्यानं तोंड फिरवलं. मला रडू आलं. ती मीच होते. दुसरं कुणीही ते म्हणालं नसतं. नवऱ्यानं सांगितलेली ट्रॉली मला माझी वाटली नाही, आणि हे न आठवणारं वाक्य ऐकताक्षणी माझं झालं.

“अजून काय म्हणाले मी?”

“मलाच इचारलं, तुमाला मुलं किती, काय करत्यात. मी सांगत बसले. म्हनलं, थोरला अकलूजला हाय, दूध डेरीत. धाकटीचं लगीन झालं. तुमी हूं हूं म्हनत हुता.”

म्हणजे पाण्यातून चाललेली ती बाई आपल्या लेकरांचं सांगत होती.

त्याच बोलण्यात, आम्ही न विचारता, त्यांनी ट्रॉलीचंही सांगितलं. टायर फुटला होता, ट्रॅक्टर अर्धा डांबरावर तसाच उभा केला होता, मागं दिवा नव्हता. “म्या त्या डायवर पोराला म्हनलं, निदान झाडाची फांदी तरी टाक मागं. ते म्हनलं, जॅक घिऊन आलोच. पोरगं वाईट न्हवतं. पर गेलं ते गेलं.”

नवरा पुढं झाला. “मावशी, एवढंच कोर्टात सांगाल का?”

त्यांचा चेहरा मिटला. त्यांनी किटली उचलली, पुन्हा खाली ठेवली. “हितं चा कोन पितं?” त्या म्हणाल्या. “सगळी उसाचीच गाडीवाली. मी त्यास्नी कोर्टात वडलं तर ह्या बाकड्यावर कोन बसंल?”

परत येताना नवरा चिडला होता. समन्स काढता येतं, त्यांना यावंच लागेल, असं म्हणत होता. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, “काढता येतं. पण नको. थांबू. ज्या बाईनं तुमचं डोकं मांडीवर घेतलं तिला पोलिसाच्या हातून बोलवायचं, हे तुम्हाला चालेल?” मला चालणार नव्हतं. नवरा त्या रात्री एकटाच जेवला.

मधले महिने कसे गेले ते सांगता यायचं नाही. अपंगत्वाचा दाखला, एक्स-रे, तारीख, पुढची तारीख. कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली मी बसायचे, पाय लांब करून, आणि पिकली पानं डोक्यावर पडायची. माणसं कागद घेऊन धावायची. वर कुठंतरी नाव पुकारलं जायचं, ते माझं नसायचं. मला तिथं डुलकी लागायची. सुनावणीची खोली तळमजल्यावर होती, हे माझं नशीब.

माझी साक्ष झाली त्या दिवशी मॅडमनी फक्त एवढं सांगितलं, “जे विचारतील त्याचं उत्तर द्या. जास्त नाही, कमी नाही.”

विमा कंपनीचे वकील तरुण होते, सभ्य होते. “ट्रॉली तुम्हाला किती अंतरावरून दिसली?”

“आठवत नाही.”

“तुमच्या गाडीचा वेग?”

“आठवत नाही.”

“म्हणजे तुम्ही वेगात होता, हेही शक्य आहे?”

नवरा मागच्या बाकावर बसलेला मला दिसत होता. त्याचे ओठ मिटलेले. “मला आठवत नाही,” मी म्हणाले. “जे आठवत नाही ते असं होतं किंवा तसं नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.”

न्यायाधीशांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा लिहायला लागले. मला वाटलं होतं ते शब्द म्हणताना मला लाज वाटेल. उलट प्रत्येक वेळी काहीतरी हलकं होत गेलं, ओले कपडे एकेक करून दोरीवर टाकावेत तसं. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, “बरोबर बोललीस.” त्याला ते म्हणायला जड गेलं, पण तो म्हणाला.

त्यानंतर उन्हाळा लागला. गाळप संपलं, रस्त्यावरच्या ट्रॉल्या दिसेनाशा झाल्या. एका सकाळी मॅडमचा फोन आला. “तुमच्या हॉटेलवाल्या मावशी आल्यात. जिना चढून वर आल्या. विचारताहेत, कुठं सांगायचं म्हणून.”

मी रिक्षानं गेले. मावशी खाली टपरीच्या सावलीत उसाचा रस पीत उभ्या होत्या, डोक्यावरून पदर, पायात नवी चप्पल.

“मावशी, तुम्ही तर नाही म्हणाला होता.”

“हंगाम संपला की,” त्या म्हणाल्या. “आता कुनाला चा पाजायचाय. आन् तुमची सासू लई येते. काय म्हनत न्हाय, नुसती येऊन बसते, चा पिते, जाते. तिचं तरी किती बगायचं.”

मी आत्यांना कधी विचारलं नाही. त्याही कधी बोलल्या नाहीत. मला वाटायचं, त्या देवळात जातात.

मावशींनी साक्ष दिली. आम्हाला सांगितलं होतं तसंच, फांदीसकट. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, अंधारात तुम्हाला दिवा नव्हता हे कसं कळलं? त्या म्हणाल्या, “अंदारात दिवा असला की दिसतो, साहेब.” एवढंच. खोलीत कुणी हसलं नाही, पण साक्ष उतरवून घेणाऱ्या बाईंची बोटं क्षणभर थांबली.

पुढं लोकअदालतीत कंपनीनं तडजोडीची तयारी दाखवली. मॅडम मला व्हरांड्यात बाजूला घेऊन बसल्या. “तुमची गोष्ट आता भक्कम आहे. लढलो तर थोडं जास्त मिळेलही. पण मग ते वरच्या कोर्टात जातील, वर्षं जातील. मी दोन्हीला तयार आहे.”

“तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?” मी विचारलं.

“मी तुमच्या जागी नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर तुम्हाला विचारते.”

व्हरांड्यात सतरंज्या घातल्या होत्या, माणसं ओळीनं बसली होती, लग्नाच्या पंगतीसारखी. नवऱ्याला लढायचं होतं. मी माझ्या पायाकडं बघितलं. सळई काढायचं ऑपरेशन अजून बाकी होतं. मिळणार होतं त्यात त्याचा खर्च निघत होता, आणि घरचं पोट भरत नसलं तरी पाठ टेकायला जागा होत होती. पण खरं कारण ते नव्हतं. मला त्या एका संध्याकाळची बाई म्हणून राहायचा कंटाळा आला होता. जी संध्याकाळ मला आठवतसुद्धा नाही, तिच्या तारखांना किती दिवस जायचं?

“मिटवू या,” मी म्हणाले.

मॅडमनी मान हलवली. चांगलं की वाईट, त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. नवऱ्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, घडी घातली, पुन्हा खांद्यावर टाकला. मग तो पाणी आणायला गेला आणि तिघांसाठी आणलं.

आता मी पुन्हा कारखान्यात जाते. उभ्याचं काम जमत नाही, म्हणून लेबल लावायच्या टेबलाला बसवलंय. पगार कमी आहे. थंडीत मांडी दुखते आणि मी जरा लंगडते, पण घाईत नसले तर कुणाच्या लक्षात येत नाही. नवरा मला स्कूटी चालवू देत नाही, मीही हट्ट धरत नाही. कामगारांच्या बसनं येते, जाते.

अपघातानंतर मी कुठल्याच गाडीत डोळे मिटत नव्हते. बसमध्ये बाकीच्या बाया माना टाकून झोपायच्या आणि मी पुढच्या सीटची दांडी धरून काचेतून रस्ता बघत बसायचे, जणू मी बघितलं नाही तर बस कुणावर तरी जाईल. परवा मात्र कधी डोळा लागला ते कळलं नाही. खिडकीतून ऊन येत होतं, बस हलत होती. शेजारच्या बाईनं खांद्याला हात लावला तेव्हा बस थांबली होती.

“ताई, उठा,” ती म्हणाली. “सोलापूर आलं.”